शेठच्या गाडीचा थेंब

जुन्या मोटारीखाली जन्म काढलेल्या माणसाजवळ दोन गोष्टी उरतात : अंगावरचं तेल आणि किस्से. तेल रॉकेलने निघतं. किस्से निघत नाहीत हो! एक पुसायला जावं तर त्याच्याखाली दुसरा सापडतो.

मी धुळ्यात एका शेठच्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होतो. शाळा चौथीपर्यंत, खोड्या मॅट्रिकपर्यंत! आमचा मुख्य मिस्त्री दगडू आबा. सही अंगठ्याची, पण इंजिनाला नुसता हात लावून दुखणं सांगायचा. त्याला राहायला जिनिंगच्याच आवारातली एक खोली. बायको, दोन पोरी, एक शेळी, सगळं त्या खोलीत. शेठजवळ होती एक काळी विलायती मोटार, साहेब लोक जाताना विकून गेले ती. दिसायला महाराणी. पण उभी राहील तिथे तेल सांडायची!

दोंडाईच्याच्या मिरची बाजारात शेठ कुठे आहेत ते कुणाला विचारावं लागत नसे. ड्रायव्हर गफूरभाई आधीच सांगून ठेवायचा, “तेलाची रेघ धरून जा, शेवटाला शेठ!”

*

शेठची मुलगी जळगावला दिलेली. व्याह्यांनी पोर्चमध्ये नवीन पांढऱ्या फरश्या बसवल्या होत्या. आमची गाडी थाटात आत शिरली, शेठ उतरले, हात जोडले. व्याह्यांनीही हात जोडले आणि घरात वळून हाक मारली,

“अरे, पाणी नंतर आणा! आधी गाडीखाली परात सरकवा!”

धुळ्याला आल्यावर गाडीतून उतरताच शेठनी आबाला गाठलं.

“दगडू, आखाजीच्या सणाला पोरीला माहेरी आणायला हीच गाडी जाईल. तिथे एक थेंब जरी पडला, तर तुझी नोकरी गेली आणि खोलीही गेली!”

*

आता गळती शोधायची म्हणजे चोर शोधण्यासारखं. तेल दिसतं एकीकडे, निघतं दुसरीकडे, वारा ते मागे फासत नेतो. आबाने सगळं इंजिन रॉकेलने धुतलं, वाळवलं. म्हणाला, वरून पांढरी भुकटी मारायची, म्हणजे ओल कुठून सुरू होते ते दिसेल.

मी बंगल्यावर गेलो आणि “शेठनी मागवलीय” म्हणून शेठाणीबाईंची तोंडाला लावायची पावडर घेऊन आलो. अख्खा डबा उडवला! गाडी सुरू केली. पाच मिनिटांत क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या, पुढच्या तोंडापासून काळी धार उतरली. चोर सापडला!

संध्याकाळी शेठाणीबाई खिडकीतून ओरडल्या, “मेल्यांनो, इंजिन गोरं करून काय त्याचं लग्न लावताय?”

*

आबाने पुढचं झाकण उघडलं. आत तेल अडवायची चामड्याची रिंग, झिजून वातड झालेली. आबा त्याच्या अहिराणीत म्हणाला, “शेठ, बाकी बठ्ठं बरोबर शे. फक्त चामडं नवं पाहिजे.”

शेठ जैन. दोन पावलं मागे सरकले. “चामडं? माझ्या गाडीत?”

“आधीपासून शे ना, शेठ!”

“आधी मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं. सुताची बसव!”

सुताच्या रिंगला चरबी चोळतात. तीही नको म्हणाले. घरून साजूक तुपाची लोटी पाठवली. आबाने मुकाट्याने सूत विणलं, तुपात भिजवलं, बसवलं. इंजिन तापलं, तूप वितळलं, आणि गाडी पेठेतून निघाली तर मागे अकरा कुत्री!

मी शेठना विचारलं, “शेठ, आपण बसता त्या सीटवर काय आहे?”

“चादर.”

“आणि चादरीखाली?”

“तू तुझं काम कर!”

*

आखाजी आठ दिवसांवर आली, तरी थेंब चालूच. आबाची बायको भांडी बांधायला लागली होती. तेव्हा आबाने शिंदखेड्याच्या मेव्हण्याकडून पाणी ओढायच्या जुन्या मोटेचं चामडं आणलं. विहिरीवर इंजिन बसल्यापासून ती मोट नुसती खुंटीला होती. तेलात मुरवलं, रिंग कापली, बसवली. आम्हा दोघांशिवाय कुणाला पत्ता नाही.

आखाजीला गाडी जळगावला गेली. व्याही स्वतः परात घेऊन उभे होते. तासाभराने गुडघे टेकून खाली वाकले. कोरडं! चार वेळा बोट फिरवलं. कोरडं!

शेठनी परत आल्यावर बाजारातले चार व्यापारी बोलावले, आबाच्या हातात नारळ दिला. “सुताची रिंग! जीव न दुखवता जमलं! दगडू, यांच्याही गाड्यांना बसवून दे. सांग, कशी विणलीस?”

आबा नारळाकडे बघत राहिला. आणि माझी जीभ खाजली. मी डोळा मारून म्हटलं, “सांगा ना आबा! सूत कोणत्या गावचं?”

सगळे हसले. आबा हसला नाही.

“शेठ, मी खोटं नही बोलस. सूत नही. मोटनं चामडं शे.”

*

शेठ रागावले नाहीत. व्यापाऱ्यांना चहा पाजून वाटेला लावलं. मग खुर्ची टाकून समोर बसले आणि आबाच्या हातानेच चामडं काढून घेतलं, सूत बसवून घेतलं. दुसऱ्या दिवशी बंगल्यासमोर थेंब.

आठव्या दिवशी वर्कशॉपच्या दाराला कागद लागला. आबाने मला बोलावलं, “वाच.”

मी वाचला. मिस्त्री दगडू यांस मोटारीची तेलगळती बंद करता आली नाही, सबब कामावरून कमी केले आहे, खोली रिकामी करावी.

“चामडानं काय लिहेल शे?”

“चामड्याबद्दल काहीच नाही, आबा. एक अक्षर नाही.”

आबाने पुन्हा एकदा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचलं. मग तो शेळीची दोरी सोडता सोडता म्हणाला,

“मंग यामा खोटं काय शे?”