काळ्या दगडातले पिवळे ठिपके

बोअरमधून निघालेला काळा दगड मी पाण्याने धुतला आणि त्यात पितळेसारखा पिवळा ठिपका चमकला. त्याखाली आणखी एक, मग ठिपक्यांचा दाट पट्टाच. ड्रिलर रामटेके मशीन बंद करून धावत आले.

"मॅडम, तांबं?"

"तांबं असावं. निकेलही असेल."

हा शेवटचा बोअर कोरा गेला असता, तर आमचं इथलं काम बंद होणार होतं.

हा दगड कधीकाळी पृथ्वीच्या पोटातून वर चढणारा तप्त रस होता. वाटेतल्या खडकांतून त्याला गंधक मिळालं. मग पाण्यातून तेल वेगळं व्हावं तसे त्यातून गंधकाचे जड थेंब सुटले आणि तांबं, निकेल ओढून घेत तळाशी बसले. ते गंधक मिळालं नसतं, तर धातू दगडभर विखुरला असता आणि या टेकडीकडे कुणी फिरकलंही नसतं.

आमचा स्वयंपाक करणाऱ्या सुखमाबाई गलका ऐकून बाहेर आल्या. त्यांचं घर याच टेकडीच्या उतारावर होतं.

"सापडलं का जी?"

"सापडलंय काहीतरी."

त्या ठिपक्यांकडे बघत राहिल्या. "मंग आमाले इथून उठा लागन का?"

"अजून तपासणी व्हायची आहे, बाई."

"हो का नाही, तेवढं सांगा."

रामटेके दुसरीकडे बघू लागले.

"उठावं लागू शकतं," मी म्हणाले.

सुखमाबाईंनी कणकेचे हात पदराला पुसले, आणि चूल पेटती सोडून त्या घराकडे चालू लागल्या.