देव्हाऱ्यातला शरभ

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, पिस्कॅटवेच्या आमच्या घरात, लेकीच्या टेबलावरची डबी रिकामी सापडली.

डबीत होतं कमरपट्ट्याच्या टोकाचं ब्राँझचं पान. बोटभर लांब, गंजून हिरवंकाळं झालेलं, आवार नावाच्या घोडेस्वार लोकांचं. त्यावर गरुडाची चोच, पंख आणि सिंहाचं अंग असलेला प्राणी. लेक त्याला ग्रिफिन म्हणते. शेजारच्या हंगेरियन बाईंच्या आजोबांना ते गावी नांगरताना सापडलं होतं. तिकडच्या म्युझियमच्या हवाली करण्याआधी त्यांनी ते लेकीला अभ्यासाला दिलं, कारण ती आर्किऑलॉजी शिकते. अट एकच, पुसायचंसुद्धा नाही. मागच्या खिळ्याभोवती, गंजात, धाग्याचा वेढा टिकून होता. बाराशे वर्षांपूर्वी कुणीतरी गुंडाळलेला. लेकीचा सगळा जीव त्या धाग्यात. आणि बाई संध्याकाळी ते न्यायला येणार होत्या.

"मॉम, इट्स गॉन!" लेक पांढरीफटक पडली होती.

मी तडक स्वयंपाकघरात गेले. पुण्याहून आलेल्या सासूबाईंचे हात चिंचेच्या कोळाने माखले होते. ओट्यावर समया लखलखत होत्या.

"आई, वरच्या टेबलावरचं एक..."

"शरभ ना? आपल्या गडाच्या दरवाजावर असतो तसा. किती कळकट ठेवलाय गं! घासून देव्हाऱ्यात बसवला."

माझं डोकंच फिरलं. या बाईंना घरातली एक वस्तू काळी बघवत नाही! देव्हाऱ्यात तो झळझळत होता, कपाळाला कुंकू लावून. लेक धावत आली.

"आजी, आय गेव्ह हर माय वर्ड!"

उलटा करून बघायची तिला हिंमत होईना. मलाही होईना. तेवढ्यात बेल वाजली.

शेवटी मीच उलटा केला. मागची बाजू तशीच हिरवी होती. धागा जागच्या जागी.

"मागून नाही घासलात?"

"दोरा बांधलाय ना त्याला!" सासूबाई तडकल्या. "म्हणून नळाखालीसुद्धा नाही धरला. कुणी कशासाठी बांधला, आपल्याला काय ठाऊक? दुसऱ्याने बांधलेला दोरा आपण सोडू नये."

आत आलेल्या शेजारीणबाईंनी चकचकीत बाजू पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीने रडत रडत पान उलटं केलं आणि आजीचं बोलणं इंग्रजीत सांगितलं.

बाई धाग्यावर वाकल्या. मग म्हणाल्या, पुन्हा सांग, ती काय म्हणाली?