चंदगडचा अर्धा तास

वडिलांचं कोल्हापुरात पापाच्या तिकटीजवळ सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचं दुकान. स्वतः तपासल्याशिवाय सुरी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही, हा त्या घरचा रिवाज. फरहीन शिकलगारनं तो उचलला आणि ती नोकरीला होती त्या दूधसंघाच्या सर्व्हरला लावला. घरची माणसं म्हणतात, पोरीला हट्ट फार. खोटं नाही.

संघाचे सर्व्हर दोन, एक कोल्हापुरात आणि एक चंदगडच्या संकलन केंद्रात. तिकडं कुणी दूध घातलं की नोंद लगेच इकडच्या सर्व्हरवर उतरते. त्यात शेतकऱ्यांची बँक खातीही असतात. म्हणून वाटेत कुणाला काही वाचता येऊ नये असं कुलूप फरहीननं साहेबांशी भांडून बसवून घेतलं होतं. त्या सकाळी नेमका त्या कुलुपानंच दगा दिला. ज्या सर्टिफिकेटवरून चंदगडचा सर्व्हर कोल्हापूरला ओळखतो, त्याची मुदत संपत आली होती. तिनं नवं बनवून लावलं, तर चंदगड ओळखच देईना आणि नोंदी थांबल्या. आपलंच काही चुकलं असणार म्हणून तिनं पुन्हा नवं बनवलं. पुन्हा तेच. मग तिसरं, चौथं... पोरगी जिद्दीला पेटली.

तिचे साहेब, विश्वजित, दारात येऊन उभे राहिले.

"दुपारपर्यंत जमलं न्हाय तर काढ ते कुलूप. उघडंच जाऊ दे. दूध हाय, सोनं न्हवं."

"साहेब, लोकांची खाती हाईत त्यात!"

"मग जमव की!"

फरहीन तणतणत खाली गेली आणि रागारागानं मिसळ खाल्ली. वर चहाही झाला. परत येऊन बघते तर नोंदी धडाधड उतरताहेत! विश्वजितसाहेब खूश.

"झालं की! आता सोड."

दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. हिचा जीव मात्र टांगणीला लागला. आपोआप सुधारलेलं पुन्हा कधी रुसेल, याचा काय नेम? आणि पुढच्या खेपेला साहेब कुलूप काढल्याशिवाय राहणार नव्हते. या वेळी आपण वेगळं काय केलं? काहीच नाही. नवं सर्टिफिकेट न बनवता नुसतं खात बसलो. म्हणजे त्याला थोडा वेळच हवा होता! तिनं चंदगडला फोन लावला. तिथले केंद्रप्रमुख पार्श्वनाथअण्णा, एरवी शब्दाला पक्का माणूस.

"अण्णा, तुमच्या सर्व्हरवर किती वाजलं?"

अण्णांनी आवाज खाली आणला.

"खरं सांगू, का सर्व्हरवरचं सांगू?"

फरहीनला हसू आवरेना. अण्णांनी घड्याळ अर्धा तास मागं सरकवून ठेवलं होतं.

"काय करू, ताई? पावसात डोंगरातली एसटी येळंवर येत न्हाय. येळ टळली की मशीन दूध घेत न्हाय. गंगाक्का किटली घेऊन रडत माघारी गेली. मला न्हाय बघवलं."

आता उलगडा झाला. कोल्हापुरात आत्ता बनलेलं सर्टिफिकेट अण्णांच्या सर्व्हरला अर्ध्या तासानंतरचं वाटत होतं, अजून लागूच न झालेलं. आणि ते लागू व्हायच्या आत ही बया दुसरं ताजं पाठवत होती! तिनं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

घड्याळ सरळ करणं तिच्या हातात होतं. पण मग गंगाक्काचं दूध परत जाणार. फरहीन उठली ती थेट साहेबांच्या टेबलापाशी. कुणाचं नाव न झाकता तिनं सगळं सांगितलं आणि वर बजावलं, "घड्याळ मी आज सरळ करते. पावसाळ्यात केंद्र बंद करायची येळ तुम्ही अर्धा तास फुडं न्या."

"संगणकवाल्यांनी दुधात कधीपास्नं लक्ष घालायचं?"

"लोकांना खोटं घड्याळ लावायला लागतंय, तवापास्नं."

साहेब हसले आणि फोन उचलून त्यांनी वेळ वाढवून घेतली.

दुसऱ्या दिवशी फरहीन लवकर येऊन स्क्रीनसमोर बसली. चंदगडच्या नोंदी उतरत होत्या. केंद्र बंद व्हायची जुनी वेळ टळून गेली आणि मग एक ओळ आली: गंगाक्का, दीड लिटर, म्हशीचं. पुढं वेळ होती, अगदी खरी. फरहीनचे डोळे भरून आले.