पेनसिल्व्हेनियाची अस्वलं आणि आमचा दादा

ऐरोलीत अस्वलं नाहीत. तरी पेनसिल्व्हेनिया राज्याचे अस्वलाच्या शिकारीचे नियम आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहेत.

चूक दादाची. तो तिकडे नोकरीला आहे. त्याने फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. मागे जंगल, अंगात फुगीर काळं जॅकेट. खाली, ‘इथे अस्वलांच्या शिकारीचा सीझन!’

आईने फोटो मोठा केला. “लांबून हा कोण वाटतो, सांग!”

(वाटत होता. तिकडे गेल्यापासून चीज फार खातो.)

इंग्लिश मीडियमची म्हणून नियम मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं.

“आधी धनुष्यबाण, मग बंदुका.”

“धनुष्यबाण? अमेरिकेत?” आई किंचाळली.

“माणशी वर्षाला एकच अस्वल.”

“रेशनवर देतात काय?” बाबा पेपरमागून.

“शिकाऱ्याने भडक केशरी घालायचं. म्हणजे चुकून गोळी लागत नाही.”

झालं! आईने हळदीकुंकवाला मिळालेले सगळे केशरी ब्लाऊजपीस काढले आणि जोडून जाकीट शिवलं. (पाठीवर दोन मोर. अस्वलाला मोर नसतात, हा आईचा मुद्दा बिनतोड होता.)

“सीझन संपतो कधी गं?”

समोर स्पष्ट लिहिलं होतं, डिसेंबर. पण दादा दोन दिवाळ्या आला नव्हता. त्याच्या खुर्चीत बसून मी ऑफिसचं काम करते; तिची उंची मी अजून बदललेली नाही, पाय लोंबकळतात. हे कोणाला सांगणार?

“मार्चपर्यंत,” मी म्हणाले. “आणि यंदा अस्वलं जास्त आहेत म्हणे. त्याला इकडेच बोलव.”

आईने लगेच फोन लावला. “सुट्टी टाक आणि निघ!”

“आई, सुट्टी नाहीये गं. मी घर ते ऑफिस कारने जातो. मला कोण मारतंय?”

आईने फोन ठेवला आणि थेट कपाट उघडलं. “अहो, आपला व्हिसा चालू आहे ना अजून?”

“आहे की!” बाबांनी पेपर मिटला. “मार्चपर्यंत राहू त्याच्याजवळ.”

“आणि मी?”

“तुला ऑफिस आहे ना बाळा. तू समजूतदार आहेस.”

परवा दोघांना एअरपोर्टवर सोडून आले. एक माणूस घरी आणायला निघाले होते, होती ती दोन घालवून बसले! ‘दादा, ये ना’ एवढे तीन शब्द बोलायचे होते. त्यापेक्षा मला अख्ख्या राज्याच्या नियमांचं भाषांतर सोपं वाटलं!