मोहाच्या झाडाचा पडदा

काकांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स मला फाडून टाकायचा आहे.

दुपारी त्यांच्या मुलाने फोटो पाठवला. कुरखेड्याच्या चौकात लावलाय. खाली लिहिलं होतं, "ताई, कसा दिसून राह्यला?"

त्याला उत्तर दिलं नाही. इथे लिहिते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: माझे काका नाटकांचे पडदे रंगवायचे. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, धान कापून झालं की गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्रा. आणि मंडईला नाटक लागतंच. रडवणारं. बायका पदर तयार ठेवूनच बसतात.

पडदे ठरलेले. रस्ता, महाल, गरिबाचं घर आणि जंगल.

काका ते मांजरपाटावर काढायचे. रंग कापडाला चिकटावा म्हणून घालायचा हाडांचा सरस काकूच्याच चुलीवर शिजायचा आणि त्या वासावरून घरात रोज कटकट.

शिकले कुठे? कुठेच नाही. वडश्याहून भाड्याची हिंदी कॉमिक्स आणायचे. आम्ही पोरं गोष्ट वाचायचो, ते फक्त दंड आणि गुडघे बघायचे. त्यामुळे त्यांच्या महालाचे द्वारपाल थेट जिममधून आलेले. एकाच्या खांद्यावर तर केप होती. कोणी काही विचारलं नाही.

जंगल मात्र त्यांनी कशातूनच उतरवलं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी शाळेत होते. एका नाटक कंपनीने नवा जंगलाचा पडदा सांगितला. काका सायकल काढून गावामागच्या रानात जायचे, नुसते बसायचे, परत यायचे.

मग काढलं. साजाची, म्हणजे ऐनाची, भेगाळलेली साल, तेंदू, बांबूची बेटं. मधोमध एक मोह. एक फांदी मोडलेली, बुंध्याशी काळा डाग. फुलं वेचायच्या आधी खालचा पाला जाळतात ना, त्याचा.

पहिला प्रयोग शेजारच्या गावात. मी काकूच्या मांडीला टेकून बसले होते. शेवटच्या अंकात नायिका जंगलात मरते. ती पडली, तिच्या भावाने टाहो फोडला, आणि रडायचं सोडून आमच्या पुढची एक बाई उठून म्हणाली,

"अवो, हा तं आमचा मोह होय."

आता हे बाहेरच्यांना कळणार नाही. रानातल्या मोहांची आमच्याकडे घराघरांत वाटणी असते. सातबारा नाही, कागद नाही. पण कोणतं झाड कोणी वेचायचं हे सगळ्या गावाला पाठ.

पलीकडून लगेच आलं, "तुमचा कसा? आमचा बुढा वेचे तिथी."

झालं. दोन्ही घरं उभी राहिली. आजे-पणजे निघाले. नायिका मेलेलीच, एक डोळा किलकिला करून भांडण बघत होती. तिच्यासाठी कोणी रडलं नाही.

मी आज मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. मला लाइक्स मिळतात. "सो क्यूट" मिळतं. माझ्या झाडावरून दोन घरं एकमेकांच्या अंगावर गेली, असं कौतुक मला कधी मिळालं नाही. मिळणारही नाही.

काका त्या दिवशी हवेत होते. काकूला सारखे सांगत होते, "पाह्यलं का? लोकायनं झाड ओरखलं."

दुसऱ्या दिवशी कंपनीचा मालक घरी आला. मरणाचा सीन पाण्यात गेला म्हणून चिडलेला.

"जंगल सांगतलं होतं तुले, पेंटर."

"जंगलच होय ते, मालक."

"हे त्यायच्या घरामागं फुकट हाय. त्याच्यासाठी तिकीट कोन काढन? कॅलेंडरातलं काढ."

कॅलेंडरही सोबत आणलं होतं त्याने. काश्मीरचं.

काकांनी मोहावर खडूच्या पांढऱ्या रंगाचा हात मारला. तो वाळेपर्यंत अंगणात पडद्याकडे पाठ करून बसले. मग वर पाइन काढले. धबधबा काढला. हरणं काढली. पाइन त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

पुढच्या प्रयोगाला लोक ढसाढसा रडले.

मग सगळ्या कंपन्यांना तोच पडदा हवा झाला. काकांना नाव पडलं, काश्मीर पेंटर. त्यांना ते अजिबात आवडायचं नाही. बाजारात कोणी त्या नावाने हाक मारली की सायकल वळवायचे. लोकांना ती गंमत वाटायची.

पुढे फ्लेक्स आला. पडदेसुद्धा छापील आले. छापील पडद्यावरही पाइनच. काका दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर रंगवत राहिले, मग तेही गेलं.

मी एकदा म्हटलं होतं, तो मोह परत काढा ना, स्वतःसाठी.

म्हणाले, "कोनासाठी काढू? भांडनारे बी नाई राह्यले आता."

गेल्या महिन्यात एका संपादकाने माझं चित्र परत पाठवलं. त्यात मी साज आणि तेंदू काढले होते. लिहिलं होतं, छान आहे, पण थोडं जंगलासारखं करा ना. मी काकांना फोन करून वाचून दाखवलं. खोकला येईपर्यंत हसले.

आमचं तेवढंच शेवटचं बोलणं.

आणि आज हा फ्लेक्स. मध्ये त्यांचा आधार कार्डवरचा फोटो. मागे पाइन, धबधबा, बर्फाचा डोंगर. खाली मोठ्या अक्षरांत "काश्मीर पेंटर". वासुदेव हे खरं नाव कंसात, बारीक.

त्यांच्या मुलावर राग नाही माझा. बाप गेलेला पोरगा, धावपळीत गेला असेल दुकानात. दुकानदाराने विचारलं असेल, मागे काय टाकू.

तो म्हणाला असेल, जंगल टाक.

काका, शेवटचा रामराम.

ते झाड कोणाचं, हे अजून ठरलेलं नाही.