तेरवणकर सरांनी पुसू न दिलेला हात

सदानंद तेरवणकर सर माझ्या दारात पहिल्यांदा आले ते दिग्दर्शक म्हणून नाही, गिऱ्हाईक म्हणून. विक्रोळीला कन्नमवार नगरात आमच्या दाराशीच माझं शिलाईचं मशीन असायचं. सरांनी ब्लाउजचं कापड दिलं, मी शिवून दिलं. त्यांनी तो ब्लाउज उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "फार नीट झालाय. हा घालणारी बाई सकाळीच नवऱ्याशी भांडलेली आहे."

मी म्हटलं, "मग आधी तिला भांडायला सांगा. मी शिवते ते नीटच शिवते."

सर हसले नाहीत. म्हणाले, "सोमवारपासून तालमीला या." तेव्हापासून सरांच्या सिनेमाचा कपडेपट माझ्याकडे आहे.

सर आता पंचाहत्तर पूर्ण करत आहेत. त्यांच्या शैलीवर शिकलेली मंडळी या गौरव अंकात लिहितीलच. मी जे रोज बघितलं ते सांगते. सरांचा सिनेमा नाटकासारखा असतो आणि सर ते लपवत नाहीत. लहानपणी गावी देवळापुढे त्यांनी दशावतार बघितले. तिथे एक बाकडं असतं. राजा बसला की ते सिंहासन, राणी रुसून आडवी झाली की तोच पलंग. सरांच्या सिनेमातही एक बाकडं आणि मागे रंगवलेली भिंत. बाकडं हलवायचं असलं की आमची माणसं कॅमेऱ्यासमोरच येतात, उचलतात, जातात. आधी भरपूर तालीम आणि मग अख्खा प्रवेश एका दमात. बाकीचे 'कट' म्हणतात, सर 'पडदा' म्हणतात. एका नव्या नटाने विचारलं, "पण पडदा आहे कुठे?" आमचे बाकडं उचलणारे गणपतदादा त्याला म्हणाले, "तू संवाद पाठ कर रे, पडद्याचं आम्ही बघतो."

सर गोड बोलत नाहीत. कौतुक करायचं तर त्यांच्या जिवावर येतं. राग आला की ओरडत नाहीत, खुर्ची भिंतीकडे फिरवून बसतात. मग आम्ही पाठीशी बोलायचं. मला हे अजिबात आवडत नाही आणि मी त्यांना तसं सांगितलेलं आहे.

पण माणूस कसा आहे तेही सांगते. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी काम सोडते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सरांचा निरोप आला, मुलुंडचा तालमीचा हॉल गळतोय, तालीम आता कन्नमवार नगरात होईल. सगळी मंडळी मुलुंडहून विक्रोळीला यायला लागली आणि मी मधे मधे घरी जाऊन सासूबाईंचं बघायला लागले. पुढे मुलुंडच्या हॉलवर गेले तर छताला साधा डागही नव्हता. सरांना विचारलं तर म्हणाले, "दुरुस्त केला असेल."

आता त्या हाताबद्दल. दोन जावांच्या सिनेमात एक लांबलचक प्रवेश आहे. मधे थांबणं नाही, म्हणून मी पिना घेऊन दाराच्या पडद्यामागे उभी राहायचे. धाकटी जाऊ भांडत भांडत दाराशी आली आणि तिचा पदर सुटला. माझा हात सवयीने बाहेर गेला. पदर धरला, पिन लावली. मग कळलं, कॅमेरा चालू आहे. त्या नटीने थांबायचं सोडून माझा हात क्षणभर धरला आणि पुढचं वाक्य बोलली. मला वाटलं, लागली वाट.

प्रवेश संपल्यावर सरांनी विचारलं, "हात कोणाचा?"

"माझा."

"राहू दे. भरल्या घरात बाईला पिन कोण लावतं? दुसरी बाईच ना?"

तो तसाच राहिला. लोकांनी थेटरात बघितला, कोणी तक्रार केली नाही.

पुढे ते सिनेमे दिसेनासेच झाले. सरांच्या स्वतःच्या घरी बुरशी आलेल्या कॅसेटी होत्या, बाकी काही नाही. मग अंधेरीच्या एका कंपनीने ठरवलं की सरांचे सगळे सिनेमे स्वच्छ करून घरी बघायला डिस्कचा एक संच काढायचा. सर खूश होते, तोंडाने बोलले नाहीत तरी. त्याला कारणही होतं. सरांना काचबिंदू आहे, नजर कमी होत चालली होती. आपलं काम एकदा धड बघायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

कंपनीचे साहेब नमुना घेऊन मुलुंडला सरांच्या घरी आले. आम्ही जमलो. चित्र झकास होतं, लुगड्याचा काठसुद्धा दिसत होता. मग तो प्रवेश आला. पदर आपोआप खांद्यावर बसला आणि नटीने हवाच धरली.

सर म्हणाले, "हात कुठे गेला?"

"सर, ती चूक होती ना, आम्ही पुसली. लोक घरी थांबवून थांबवून बघतात. हसतील."

"हसू देत. हात परत ठेवा."

साहेब म्हणाले, पुन्हा काम करायचं तर वरचे लोक संचच रद्द करतील. सर म्हणाले, "मग रद्द."

वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, आतून आल्या. "अहो, डॉक्टर काय म्हणाले विसरलात? नंतर बघणार कशाने?"

मलाही राहवलं नाही. म्हटलं, "सर, माझाच हात आहे ना? जाऊ द्या. कोणाचं अडलंय त्याच्यावाचून?"

"विमलबाई, हात तुमचा असेल. सिनेमा माझा आहे." आणि खुर्ची भिंतीकडे.

काम रखडलं ते रखडलंच. कंपनीतले लोक बदलले, नव्यांनी सरांचं ऐकलं आणि शेवटी संच निघाला, हातासकट. सरांनी पुन्हा आम्हाला बोलावलं. तोवर त्यांची नजर पार अधू झाली होती. टीव्हीला नाक लावून बसले. तो प्रवेश सुरू झाला, धाकटी जाऊ दाराशी आली, आणि सरांनी हळूच विचारलं, "आला का?"

मी म्हटलं, "आला."

"नीट दिसतो?"

"बांगडीसकट दिसतो, सर. पिन पण वाकडी लागलीय."

सर म्हणाले, "वाकडीच बरी," आणि मागे टेकून बसले. मग उरलेला सिनेमा आम्ही त्यांना आळीपाळीने सांगितला. कोण उठलं, कोण बसलं, बाकडं कुठे गेलं. वहिनी साड्यांचे रंग सांगत होत्या, चुकत होत्या, मी दुरुस्त करत होते.

त्या संचात सरांचे बरेच सिनेमे आहेत आणि आम्ही अजून दोनच सांगून संपवलेत. तेव्हा सरांनी डोळ्यांत थेंब वेळेवर घालावेत, वहिनींशी हुज्जत घालू नये आणि ठणठणीत राहावं. घाई करू नये. आम्हाला सांगायला खूप वर्षं लागणार आहेत.