आवडाबाईचं मीठ आणि गोपीनाथची शीर

तर काल आपण खोपटच्या माळावर थांबलो होतो. पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, रोग्यांसाठी झावळ्यांची झोपडी घातलेली, दाराशी दगडांची चूल, आणि फुंकर घालता घालता डोळे पुसणारी आवडाबाई. ठाण्याला आगगाडी येऊन चाळीसएक वर्षं झाली होती, तरी पटकी आली की लोक गाव सोडून पळत. ही पळाली नाही. मिठागरावर टोपल्या वाहून मान ताठ झालेली बाई. नवरा मागंच गेलेला, पण हसली की खाडीपलीकडं ऐकू जावं. पाणी उकळायचं काम मिळालं, ते तिनं घेतलं.

त्या सकाळी तिच्याच भावाला, गोपीनाथला, डोलीतून आणलं. डोळे खोल गेलेले, बोटं सुरकुतलेली, पाजलेला घोट पोटात ठरत नव्हता. इनास डॉक्टरांनी मनगट चाचपलं. नाडी हाताला लागेना.

"आवडाबाई, शिरेतून पाणी देतो. दुसरा इलाज नाही."

इनास डॉक्टर खाडीकाठच्या किरिस्तावांच्या घरातले. त्यांची रीत ठरलेली. पाणी उकळायचं, दुहेरी फडक्यातून गाळायचं, तोललेलं मीठ त्यात विरघळवायचं, आणि अंगाइतकं कोमट झालं की काचेच्या नरसाळ्यातून, रबरी नळीनं शिरेत सोडायचं. नुसतं पाणी शिरेत गेलं तर रक्त नासतं, असं ते बजावून सांगत.

डॉक्टर शीर शोधायला वळले आणि आवडाबाईनं पदराची गाठ सोडली. हंगामाचं पहिलं मीठ देवापुढं ठेवून त्यातलं थोडं जवळ बाळगायचं, ही त्यांच्या घरची चाल. हे तर गोपीनाथनं स्वतः आगरातून ओढून काढलेलं मीठ. त्याचंच मीठ त्याला उभं करील, असं मनाशी म्हणत तिनं ते डॉक्टरांचं मीठ विरघळलेल्या पाण्याच्या भांड्यात सोडलं.

ते पाणी नरसाळ्यात ओतल्यावर तळाशी गढूळ दिसलं, तसा डॉक्टरांचा हात थांबला. "यात काय घातलंत?"

"आमच्या आगरातलं मीठ, सायब."

"सगळं ठाणं खातं आमचं मीठ," दाराशी उभा असलेला चुलतभाऊ महिपत गुरगुरला. "त्याला नावं ठेवता व्हय?"

डॉक्टरांनी त्याच्याकडं पाहिलंच नाही. "आवडाबाई, मासा मिठात घातला की काय होतं?"

"पाणी सुटतं त्याचं. सुकतो."

"जास्त मीठ शिरेत गेलं तर भावाचंही तेच होईल. आणि चिखल गेला तर रक्तात विष."

रडत बसायला वेळ कुठला? आवडाबाईनं भांडं बाहेर नेऊन पालथं केलं.

"महिपत, लाकडं आण. तोंड मागनं चालव."

पाणी पुन्हा उकळलं, पुन्हा गाळलं. आत गोपीनाथचा श्वास उथळ होत चाललेला. "थंड पाणी ओत की त्यात, लवकर निवंल," महिपत म्हणाला.

"कच्चं पाणी घातलंस तर हात मोडीन." तिनं भांडंच गार पाण्याच्या घमेल्यात ठेवलं. डॉक्टरांनी मीठ तोलून दिलं, तिनं ते ढवळलं.

डॉक्टरांनी आधी नळीतून पाणी वाहू देऊन हवा काढली. बुडबुडा उरला नाही हे पाहिलं, मगच शीर गाठली. नरसाळं दिलं आवडाबाईच्या हातात.

"उंच धरू नका. धार जोरात गेली तर काळजाला झेपणार नाही. रिकामंही होऊ देऊ नका."

टोपल्या वाहिलेले ते हात जराही हलले नाहीत. पाणी संपत आलं की डॉक्टर वरून भर घालत, भावाच्या छातीवर नजर ठेवत. हळूहळू मनगटात नाडी लागली. नखांचा निळेपणा गेला. गोपीनाथनं डोळे उघडून बहिणीकडं पाहिलं.

"आवडे, खाली बस की. हात भरून येतील."

ती अशी हसली की बाजूचे रोगीसुद्धा माना वर करून बघू लागले. महिपत तर ओरडत गावाकडं धावला, वाटेत भेटेल त्याला सांगत: आमचा गोपीनाथ परत आला.

उन्हं कलली तेव्हा गोपीनाथला सकाळपासून अडलेली लघवी झाली. डॉक्टर म्हणाले, आता धोका टळला. तुम्ही घरी जा, आवडाबाई, विसावा घ्या.

आवडाबाई म्हणाली, "घरी जाऊन काय करू, सायब? त्याला पेज द्यायला त्याची बायको हाय. त्या कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याची नाडी बघा आधी, पाणी मी चढवलंय चुलीवर."